बोली कुठून आली, कुठवर गेली? मालवणी, कोंकणी आणि एक नेपाळी राखणदार

(कट्टा, ता. मालवण येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



कट्टा म्हणजे बसून बोलायची जागा. अशा नावाच्या गावात उभं राहून भाषण करायचं म्हणजे जरा अवघडच. इथे बसून गजाली माराव्यात. पण आयोजकांनी माइक दिला आहे, तेव्हा उभ्याने गजाली मारतो.

सुरुवातीलाच एक कबुली. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. मुंबईत पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. आम्हा लोकांना उत्तरं देण्यापेक्षा प्रश्न नीट मांडण्याची सवय असते. आजचा प्रश्न मला एका आंब्याच्या बागेत सापडला. तिथूनच सुरू करू.

माझ्या चुलत भावाची कलमांची बाग आहे. आपल्याकडे आता बहुतेक बागांत राखणीला नेपाळी माणसं असतात. मोहोराच्या आधी येतात, आंबा उतरला की जातात. मालवणच्या, रत्नागिरीच्या ट्रॉलरवरसुद्धा खलाशी म्हणून तीच. आपण सगळ्यांना सरसकट गुरखा म्हणतो. तर हा मुलगा भावाकडे चार हंगाम होता. मी त्याला हिंदीत विचारलं, मांगराची चावी कुठे आहे? तो म्हणाला, "माका ठावक नाय." मी उडालोच. मग विचारलं, तुझी भाषा कुठली रे? त्याने हिशेब दिला तो असा: घरात डोटेली, शाळेत नेपाळी, मुंबईत हिंदी, आणि हंयसर मालवणी. डोटी हा नेपाळच्या अगदी पश्चिमेचा जिल्हा, आपल्या उत्तराखंडाच्या बाजूचा.

मग त्याने मला उलट विचारलं, "आणि तुमची?"

मी म्हटलं, मराठी.

भाऊ शेजारी बसून सुकी पानं गोळा करत होता. वर न बघता म्हणाला, "खोटा कित्याक बोलतस? आवशीवांगडा काय मराठी बोलत होतस?"

तो राखणदार बारावी नापास. माझ्याकडे डॉक्टरेट. पण "तुझी भाषा कोणती" या साध्या प्रश्नाचं स्वच्छ उत्तर त्याच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. आजचं बोलणं ते उत्तर शोधण्यासाठी आहे. आणि हे काही निवृत्त माणसाचं वेळ घालवणं नव्हे. जनगणना तोंडावर आली आहे. प्रगणक तुमच्या दारात येईल आणि हाच प्रश्न विचारील.

नाव कुठून आलं?

आपल्या बोलीला "मालवणी" हे नाव फार जुनं नाही. ग्रिअर्सनने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात आपल्या बोलीचं नाव आहे कुडाळी. स्वाभाविकच आहे, कुडाळदेश हे नाव जुनं. मग मालवणी कुठून आलं? मुंबईतून. मालवण हे बंदर. बोटीने मुंबईला उतरलेल्या माणसाला विचारलं की कुठला, तर तो बंदराचं नाव सांगणार. हळूहळू माणसं मालवणी झाली, मग जेवण मालवणी झालं, आणि १९८० साली गंगाराम गवाणकरांचं "वस्त्रहरण" आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते लंडनपर्यंत नेलं, पाच हजारांवर प्रयोग झाले. तेव्हा नावावर शिक्का बसला. म्हणजे नाव गावाचं खरं, पण ठेवलेलं परगावात. घराबाहेर पडल्यावरच माणसाला आडनावाची गरज लागते.

नेपाळीची गोष्ट बघा. तिचं मूळ नाव खस कुरा. कुरा म्हणजे बोलणं. खस लोकांचं बोलणं. मग पर्बते, म्हणजे डोंगरातली. गोरखा राज्य मोठं झालं तेव्हा गोरखाली. नेपाळी हे नाव सरकारी पातळीवर पक्कं व्हायला विसावं शतक उजाडलं. काठमांडूत १९१३ साली पुस्तकं छापायला समिती निघाली, तिच्या नावात गोरखा भाषा होती. १९३०च्या दशकात ती नेपाळी भाषा झाली. गंमत अशी, की नेपाळ हे नाव मुळात काठमांडूच्या खोऱ्याचं. त्या खोऱ्यातली जुनी भाषा नेवारी, तिबेटी-ब्रह्मी कुळातली. नेवार लोक आजही आपल्या भाषेला नेपाल भाषा म्हणतात. म्हणजे नाव एका भाषेचं होतं, ते दुसरीला मिळालं.

हसू नका. आपल्याकडे तेच झालेलं आहे. मुंबईत "कोकणी माणूस" म्हटलं की कोण? रत्नागिरी-सिंधुदुर्गातला. आणि "कोंकणी भाषा" म्हटलं की कुठली? गोव्याची. कोकणचा बहुतेक किनारा महाराष्ट्रात, पण भाषेचं नाव तेरेखोलच्या पलीकडे. पोर्तुगीजांनी तर तिला आणखी तिसरंच नाव दिलं, कानारी. फादर थॉमस स्टीफन्सने लिहिलेलं तिचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते याच नावाने. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत ते पहिल्यांपैकी. त्याच स्टीफन्सने १६१६ साली "क्रिस्तपुराण" छापलं ते मात्र मराठीत, कोंकणीचे शब्द मिसळून. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज पाद्र्याला जे कळलं होतं, की इथला माणूस एका भाषेत बोलतो आणि दुसरीत पोथी ऐकतो, ते आम्ही अजून भांडून शोधतो आहोत.

वय किती?

आता मूळ. मराठी आणि कोंकणी दोघी महाराष्ट्री प्राकृत आणि पुढच्या अपभ्रंशाच्या बाजूने आलेल्या. नेपाळी उत्तरेकडची, हिमालयाच्या पायऱ्यांवरची. कुमाऊंनी-गढवालीच्या शेजारची.

कोरलेला पुरावा शोधला तर दोन्हीकडे साधारण हजार वर्षं मागे जाता येतं. अलिबागजवळ अक्षीचा शिलालेख आहे, शिलाहार राजा केसिदेवाच्या काळातला. त्याचा काळ अनेक अभ्यासक शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचतात. मराठीच्या अगदी आद्य लेखांतला हा एक, आणि तो पुण्यात नाही, पैठणला नाही. किनाऱ्यावर आहे. तिकडे पश्चिम नेपाळात दुल्लू येथे दामुपालाचा लेख आहे, तो दहाव्या शतकाच्या अखेरीचा मानतात. खस राज्याची राजधानी होती सिंजा, जुम्ला जिल्ह्यातल्या एका खोऱ्यात. आज ते नेपाळमधल्या सगळ्यांत मागास भागांपैकी एक. ही काठमांडूपासून फार लांब पश्चिमेला असलेली जागा. नेपाळी भाषा तिथे जन्मली.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भाषा जिथे जन्मते तिथेच ती मोठेपणी राहते असं नाही.

खुणा कोणत्या?

मग मालवणी कुणाची? मराठीची बोली की कोंकणीची? यावर शंभर वर्षं भांडण आहे. गोव्यात शणै गोंयबाबांनी कोंकणी स्वतंत्र भाषा म्हणून आयुष्यभर लिहिलं. अ. का. प्रियोळकरांनी ती मराठीची बोली म्हणून तितक्याच ताकदीने लिहिलं. दोघेही गोंयकार, दोघेही विद्वान. सु. मं. कत्रे यांनी १९४२ साली कोंकणीच्या घडणीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि तिच्या बोलींचं मूळ एक मानून तिला मराठीची बहीण म्हटलं. ग्रिअर्सनच्या खंडात तर कोंकणी मराठीच्या पोटात आणि कुडाळी कोंकणीच्या पोटात. म्हणजे आपण नात.

पुढे कोंकणी वेगळी मोजली जाऊ लागली, तेव्हा तिच्या कडेवर बसलेली मालवणीही बरोबर गेली. आजही जनगणनेच्या तक्त्यात मालवणी कोंकणीच्या मथळ्याखाली येते. १९६७ साली गोव्यात जनमत कौल झाला, विलीनीकरण की संघप्रदेश. त्या सगळ्या वादात दोन्ही बाजूंना मालवणी उपयोगी पडली. एक बाजू म्हणे, मालवणी जर मराठीची बोली, तर तिच्यासारखीच असणारी कोंकणीही बोलीच. दुसरी बाजू म्हणे, मालवणी ही मुळातली कोंकणी, मराठीच्या सावलीत वाढलेली. आम्हाला कुणी विचारलं नाही.

आपण स्वतः तपासू. कुठल्याही ग्रंथाशिवाय. चार शब्द घ्या.

पुण्यात "कुठे", आपल्याकडे "खंय", पणजीत "खंय". पुण्यात "आहे", आपल्याकडे "आसा", पणजीत "आसा". पुण्यात "मला", आपल्याकडे "माका", पणजीत "म्हाका". पुण्यात "तो येईल", आपल्याकडे "तो येतलो", तिकडेही "येतलो". गोव्याच्या बाजूने चार गुण. झालं, निकाल लागला?

थांबा. आता "मी" घ्या. पुण्यात "मी". आपण? "मी", "मिया". आणि गोव्यात? "हांव". हा साधा शब्द नव्हे. माणूस स्वतःला काय म्हणतो हा भाषेचा गाभा. गोव्याचा "हांव" संस्कृत "अहम्"च्या बाजूने उतरला, गुजरातीचा "हुं" तसाच. आपला "मी" आला "मया" या तृतीयेतून. हिंदीचा "मैं" तिथलाच. आणि नेपाळीचा "म" सुद्धा तिथलाच. म्हणजे "मी" म्हणताना आपण पणजीपेक्षा पुण्याच्या जवळ, आणि जमलंच तर काठमांडूच्याही.

आता दुसरी खूण. आपण घोडो म्हणतो, आंबो म्हणतो, बरो म्हणतो. पुरुषलिंगी ओकार. संस्कृत घोटकः, प्राकृत घोडओ, तिथून पुढे काहींनी घोडो ठेवला, काहींनी घोडा केला. ओकार ठेवणाऱ्यांत गोवा, आपण, गुजरात, राजस्थान. आणि नेपाळ. नेपाळीत मुलगा म्हणजे छोरो, चांगला म्हणजे राम्रो, मोठा म्हणजे ठूलो, माझा म्हणजे मेरो. माझ्या भावाच्या राखणदाराला मालवणी इतक्या लवकर का जमली, त्याचं थोडं उत्तर इथे आहे. "बरो" म्हणायला त्याची जीभ आधीच वळलेली होती. पण ह्यावरून कुणी म्हणालं की मालवणी ही नेपाळीची बहीण, तर आपण हसू. नेपाळीत "तो गयो", आपल्याकडे "तो गेलो". "गेलो"तला ल आपल्याला मराठीशी, कोंकणीशी जोडतो.

तत्त्वज्ञानात याला कसोटीचा प्रश्न म्हणतात. एक कसोटी धरली तर आपण गोव्याचे, दुसरी धरली तर पुण्याचे, तिसरी धरली तर निम्म्या उत्तर हिंदुस्थानाचे सोयरे. विट्गेनश्टाइन म्हणाला होता की एका कुटुंबात नाक एकाशी जुळतं, डोळे दुसऱ्याशी, चाल तिसऱ्याशी. सगळ्यांत सारखी अशी एकच गोष्ट नसते, तरी कुटुंब असतं. बांद्याहून पेडण्याला जा. पत्रादेवीच्या नाक्यावर गाडीच्या नंबरप्लेटी बदलतात, बाजारातलं बोलणं बदलत नाही. पेडणे तर अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडीकरांचंच होतं. उत्तरेला खारेपाटण ओलांडून राजापूर, पुढे संगमेश्वर, तिथेही बोली एका ठिकाणी तुटत नाही, उतरत जाते. रेघ नकाशावर असते, तोंडात नसते.

कशी पसरली?

आता पसरण्याची गोष्ट. भाषा दोन तऱ्हांनी पसरतात, राज्याच्या पाठीवरून किंवा माणसांच्या पाठीवरून.

गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाह याने १७६८-६९ साली काठमांडूचं खोरं जिंकलं. त्यानंतर फौज, सारा, कागदपत्रं, न्याय, सगळं खस कुरेत. डोंगरातले मगर, गुरुंग, तमांग, राई, लिंबू, यांच्या भाषा वेगळ्या कुळातल्या. पण सरकारशी बोलायचं तर हीच. १९६० ते १९९० या पंचायत राजवटीत तर एक राजा, एक देश, एक भाषा, एक वेष असं धोरणच होतं. हे राज्याच्या पाठीवरून.

पण भारतात ती तशी आली नाही. १८१५च्या युद्धापासून गुरख्यांची इंग्रजी पलटणींत भरती सुरू झाली. दार्जिलिंग १८३५ साली इंग्रजांकडे आलं, मग चहाचे मळे आले, आणि मजूर पूर्व नेपाळातून आले. पुढे आसाम, सिक्कीम, भूतान. हे लोक एका भाषेचे नव्हते. राई आपली बोलत होता, तमांग आपली. मळ्यावर एकमेकांशी बोलायला नेपाळी हीच सामायिक. दोन-तीन पिढ्यांत तीच आईची भाषा झाली. तिथे तिची शाळा झाली, वृत्तपत्रं झाली, साहित्य झालं. १९६१ साली पश्चिम बंगालने दार्जिलिंगच्या डोंगरी भागासाठी तिला राजभाषा मानलं. आणि याची काळी बाजूही सांगतो. भूतानात नव्वदच्या दशकात नेपाळी बोलणाऱ्या लाखभर लोकांना देश सोडावा लागला. झापा-मोरंगच्या छावण्यांत ते वर्षानुवर्षं राहिले, मग बरेचसे अमेरिकेला गेले. भाषेने माणसं जोडली आणि भाषेवरूनच ओळखून बाहेर काढली.

कोंकणी जवळजवळ सगळी माणसांच्या पाठीवरून गेली. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले, १५४३ साली बारदेश-साष्टी त्यांच्याकडे गेली, १५६० साली धर्मन्यायालय बसलं. त्याच सुमारास मंगेशीचा देव कुशस्थळीहून प्रियोळला हलवला गेला. देव निघाले तशी माणसं निघाली. कारवार, होन्नावर, मंगळूर, थेट कोची. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज शिका. फर्मानाने भाषा मेली नाही. पण लिहिणं तुटलं.

आणि कोचीत काय झालं बघा. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ केला, "हॉर्टस मलाबारिकस". त्यात मदत करणारे तीन कोंकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र १६७८ सालच्या पहिल्या खंडात छापलं आहे, नागरी अक्षरांत, त्यांच्या भाषेत. गोव्याबाहेर फेकल्या गेलेल्या माणसांची भाषा ॲमस्टरडॅमला छापली गेली. कोचीतले लोक आजही घरात कोंकणी बोलतात. नुसते पंडितच नव्हे, कष्टकरी कुडुंबी समाजही. भटकळचे नवायती मुसलमान आपली नवायती बोलतात. देवनागरी, रोमी, कानडी, मल्याळम आणि अरबी वळणाची, अशा पाच लिप्यांत लिहिली गेलेली ही भाषा.

सोयऱ्याचा धाक

आता माझा खरा मुद्दा.

आपण मालवणी लोकही बाहेर गेलो. गिरणीत गेलो, गोदीत गेलो. मुंबईतल्या पहिल्या गिरण्या १८५०च्या दशकातल्या, १९८२चा संप ही त्या जगाची अखेर. मधली सव्वाशे वर्षं लालबाग-परळच्या खोल्यांत, गाववाल्यांच्या मंडळांत ही बोली होती. लाखो माणसं. कोचीत गेले त्यांच्या अनेक पट. मग सांगा, कोचीतला माणूस चारशे वर्षांनी कोंकणी बोलतो, आणि परळला गेलेल्याचा नातू ऐंशी वर्षांत मालवणी का बोलत नाही?

मी यावर बराच विचार केला. मला वाटतं उत्तर असं आहे. कोचीत शेजारी मल्याळम होती. ती परकी, तिच्यात आणि घरच्या भाषेत घोटाळा होणं शक्यच नव्हतं. बाहेर ती, आत ही, दोन वेगळी भांडी. मुंबईत शेजारी मराठी होती. ती आपलीच. लिपी तीच, देव तेच, अभंग तेच. मालवणी सोडताना आपण काही सोडतो आहोत असं कुणाला वाटलंच नाही. वाटलं, आपण फक्त सुधारतो आहोत. परक्या भाषेपुढे माणूस आपली राखतो. सोयऱ्या भाषेपुढे आपली "अशुद्ध" ठरते. परक्यापेक्षा सोयऱ्याचा धाक मोठा.

ही माझी कल्पना आहे म्हणून सोडून देऊ नका, तो राखणदार तिचा पुरावा आहे. डोटेली ही खस कुळातली, नेपाळीची सख्खी. आणि नेपाळी जन्मली कुठे म्हणालो? पश्चिमेला, त्याच डोंगरांच्या बाजूला. पण राजधानी पूर्वेला गेली, प्रमाण रूप तिकडे ठरलं, आणि जिथून भाषा निघाली त्या पश्चिमेचं बोलणं गावंढळ ठरलं. डोटेलीची गणना वर्षानुवर्षं नेपाळीतच. २०११च्या नेपाळी जनगणनेत लोकांनी वेगळं नाव सांगितलं आणि डोटेलीची आकडेवारी आली, ७ लाख ८७ हजार. म्हणून काही नेपाळ मोडला नाही. नेपाळी त्याही गणनेत ४४.६ टक्क्यांवर, पहिल्या क्रमांकावरच राहिली.

आणि आपण? २०११ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाख. जनगणनेत मालवणी सांगणारे त्या मानाने अगदी मूठभर. कुणी जबरदस्ती केली नव्हती. प्रगणकाने विचारलं, आपण मी दिलं तेच उत्तर दिलं.

आपण "प्रमाण भाषा" म्हणतो. आमच्या न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे. प्रमाण भाषा म्हणजे मोजायची, देवघेव करायची सोयीची पट्टी. पट्टीने लांबी मोजावी. पण पट्टीपेक्षा लांब म्हणून कापडाला चूक म्हणू नये. आपण नेमकं तेच केलं.

आपण म्हणजे मी. हे सांगणार नव्हतो, पण कट्ट्यावर आलो आहे तर सांगतो. वडील गेल्यावर आई माझ्याकडे गोरेगावला आली. घरी सहकारी यायचे, प्राध्यापक मंडळी. एकदा तिने एकाला विचारलं, "च्याय घेतलास मां?" तो हसला, वाईट मनाने नव्हे. मी पाहुणे गेल्यावर तिला म्हटलं, "बाहेरच्यांसमोर जरा नीट बोलत जा." एवढंच. त्यानंतर आई अकरा वर्षं माझ्या घरी होती. पाहुणे आले की ती आत जाऊन बसायची. मला वाटायचं, तिला शांतता आवडते. मी त्या काळात वर्गात भाषा आणि विचार यांचं नातं शिकवत होतो.

तिच्यापाशी शब्दांचं जे होतं, माशांच्या पन्नास जातींची नावं, पावसाच्या सरींची नावं, देवळातल्या गाऱ्हाण्याचा तो ताल, त्यातलं मी काही लिहून घेतलं नाही.

मग काय सांगायचं?

१९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणी आणि नेपाळी या दोघींना मान्यता दिली. आणि १९९२ साली एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोंकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तिघी एकदमच आठव्या परिशिष्टात गेल्या. गोव्यात आणि दार्जिलिंग-सिक्कीममध्ये २० ऑगस्ट हा एकच दिवस भाषामान्यतेचा म्हणून पाळतात. २०११ साली भारतात कोंकणी बोलणारे साडेबावीस लाख, नेपाळी बोलणारे एकोणतीस लाख. थोड्या आकड्यांवरही मान्यता मिळते. पण आधी आकडा लागतो, आणि आकड्याच्या आधी "ही माझी" म्हणणारं तोंड लागतं.

मला लोक विचारतात, मालवणी लिहिलं तर ते कोंकणीच्या खात्यात जाईल, मग मराठीचं नुकसान नाही का? विचारणाऱ्याचा मराठीवरचा जीव मला कळतो. माझाही आहे. कांट मी मराठीत शिकवला. पण जनगणनेच्या फॉर्मात मातृभाषेनंतर येत असलेल्या आणखी दोन भाषा सांगायची सोय आहे. तिथे मी मराठी पहिली सांगेन, अभिमानाने. मातृभाषेच्या रकान्यात मात्र आईची भाषा सांगेन. कचेरीत तिची फाइल कुठल्या कपाटात ठेवतात हा ग्रंथपालाचा प्रश्न. कपाटावरून माझी आई ठरत नाही. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही. तुमच्या घरात खरोखर मराठी असेल तर मराठीच सांगा. खोटं सांगू नका, इतकंच.

पण जनगणना दहा वर्षांतून एकदा. जेवायला आपण रोज बसतो. नातवंडाला "जेवलास काय रे?" हे कुठल्या भाषेत विचारता, निकाल तिथे लागतो. इंग्रजी शाळेने मालवणी मारली असं मला फारसं वाटत नाही. इंग्रजी परकी आहे, तिच्यापुढे आपली राखता येते. आपण आपल्या पोरांशी मुद्दाम "शुद्ध" बोललो, तिथे ती गेली.

शेवटचं. तो राखणदार रात्री जेवण झालं की मांगराच्या पायरीवर बसून आईला फोन लावायचा. मोठ्याने बोलायचा, पार खालच्या वाडीत ऐकू जाई. मला एक अक्षर समजत नसे. भाऊ म्हणायचा, "रे, हळू बोल मरे, लोक झोपलेहत." तो म्हणायचा, आईला कमी ऐकू येतं.

एवढंच बोलायचं होतं. चहा तयार आहे असं दिसतंय. प्रश्न जरूर विचारा. मालवणीत विचारलात तर उत्तर मालवणीत द्यायचा प्रयत्न करीन. चुकलो तर हसा, मी आत जाऊन बसणार नाही.